बाई, निवासीला लागली का?

निवृत्त होताना मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नारळ फोडला, शाल भाचीला दिली, घड्याळ वर्षभरात बंद पडलं. पालक मात्र काही केल्या सुटले नाहीत. नाशिकला सिडकोत आमचं घर आहे. सकाळी दूध आणायला निघाले तरी कोपऱ्यावर कुणीतरी गाठतंच. "बाई, निवासीची तयारी कधीपासून करायची?" परवा एकानं पहिलीतल्या पोरासाठी विचारलं. मी म्हटलं, "अहो, आधी त्याचे दुधाचे दात तरी पडू द्या." त्या गृहस्थांना राग आला. येऊ दे, आता माझी पेन्शन कुणी अडवू शकत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. निवासी म्हणजे सरकारी निवासी शाळा. मूल पाचवीत असताना परीक्षा द्यायची. त्यात निवड झाली तर सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथंच आणि फुकट. बसतात जिल्हाभरातली पोरं, घेतात मात्र दोन वर्गांत मावतील एवढीच. आमच्या दिंडोरीच्या बाजूला "निवड झाली" असं कुणी म्हणत नाही, "लागली" म्हणतात. या शब्दाचंही नवलच आहे. ठेच लागते, भूक लागते, नाद लागतो, नोकरी लागते, बोल लागतो. निवासीचा निकाल आला की यातलं एकेक कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. "लागलं" म्हणजे पेढे. "नाही लागलं" म्हणजे बाप पोराकडे बघत नाही आणि आई बाईंकडे बघत नाही.

माझी बरीचशी नोकरी दिंडोरी तालुक्यातल्या एका वाडीवर झाली. चारही बाजूंनी द्राक्षबागा, मधे आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. पाचवीचा वर्ग माझ्याकडे आणि त्यामुळे निवासीही माझ्याच गळ्यात. शाळा भरण्याआधी मी जादा तास घ्यायचे. थंडीत व्हरांड्यात ऊन जिकडे सरकेल तिकडे आमची सतरंजी सरकायची.

परीक्षेत तीन गोष्टी असतात: आकृत्या, गणित आणि भाषा. उत्तर लिहायचं नसतं, गोल काळा करायचा असतो. बाहेरच्यांना वाटतं यात काय विशेष! अहो, तीच तर मेख आहे. आमच्या मुलांना उत्तर यायचं, गोल यायचा नाही. पाचवीपर्यंत हातात पेन्सिल, इथं एकदम बॉलपेन, खोडता येत नाही. पहिल्या वर्षी एका मुलानं प्रत्येक गोलाला आधी सुबक कड काढली, मग आत रंग भरला, रांगोळी भरावी तसा. पेपर अर्धा राहिला. विचारलं तर म्हणाला, "बाई, चांगलं दिसाय पायजे ना." तेव्हापासून मी आधी गोलांचा तास घ्यायचे, गणित नंतर.

आरशातली आकृती हे दुसरं प्रकरण. आकृती आरशात कशी दिसेल ते ओळखायचं. वर्गात आरसा दिला की मुलं त्यात भांग पाडतात, आकृती राहते बाजूला. मग मी भजी बांधून येतात तो तेलकट कागद वाळवून ठेवायला लागले. त्यावर आकृती काढायची, कागद उलटा करायचा, उजेडात धरायचा. झाली आरशातली आकृती. भजीवाला मला बघून हसायचा, कारण मी भज्यांपेक्षा कागदच जास्त मागायचे.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. खेड्यातल्या मुलांसाठी निवासीत जास्त जागा राखलेल्या असतात, पण त्यासाठी मूल तिसरीपासून खेड्यातल्या शाळेत शिकलेलं असावं लागतं. नाशिकहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. मुलाचं नाव तुमच्या पटावर घ्या म्हणाले, तो शिकेल आमच्याकडे क्लासमध्ये. "नुसतं नाव हो, मॅडम." मी म्हटलं, "नुसत्या नावाला मी काय शिकवू? मला समोर बसायला मूल लागतं." फणकाऱ्यानं गेले. आणि जूनमध्ये खरंच मूल घेऊन हजर! तीन वर्षं तो पोरगा रोज गाडीतून यायचा. दोन महिन्यांत चिंचेवर चढायला शिकला, सहा महिन्यांत घरी भाकरी आणि ठेचा मागायला लागला. निवासीला काही लागला नाही. पण शेवटच्या दिवशी चिंचेला मिठी मारून बसला, खाली उतरेना. त्याचे वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आमचे हे ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. त्यांना माझा हा खटाटोप पटायचा नाही. जेवताना म्हणायचे, "एक पोर उचलून नेतात, बाकीची तिथंच. यात तुझ्या शाळेचं काय भलं झालं?" मी म्हणायचे, "म्हणून त्या एकाचंही होऊ नये का?" मग ते ताक मागायचे आणि वाद तिथंच राहायचा. खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पण आमच्या शाळेतला एक मुलगा लागला होता, तो दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला तेव्हा अर्धा तास सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल कशी दिसते तेच सांगत होता. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक कपाटात होता आणि कपाटाची किल्ली हरवलेली होती. त्यामुळे अशा शाळांनी काही फरक पडत नाही असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आता रोशनीची गोष्ट सांगते, ती सांगायलाच बसले आहे.

रोशनीचे आईवडील पेठकडच्या डोंगरातले. पावसाळ्यात घरचं भात लावायचं आणि बाकीचं वर्ष आमच्या वाडीवर बाळासाहेबांच्या द्राक्षबागेत काम करायचं. बागेतच त्यांची खोली होती. रोशनी दुसरीपासून आमच्या शाळेत. तिच्या घरच्या बोलीत "आहे"ला "आहा" म्हणतात. पहिल्यांदा ती उभी राहून "बाई, माझं पुस्तक घरी आहा" म्हणाली, तेव्हा मला वाटलं पुस्तक विसरल्याचा पोरीला आनंद झालाय!

हुशार किती, तर एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगू द्यायची नाही. एकदा मी फळ्यावर चार शब्द लिहिले: डोळा, कान, नाक, गुडघा. गटात न बसणारा शब्द ओळखा. सगळे म्हणाले गुडघा. रोशनी म्हणाली, "डोळा." मी म्हटलं, "का गं?" तर म्हणे, "बाकीचं माणसालाच असतं. डोळा द्राक्षाच्या काडीलापण असतो." बागेत काडीवर जिथं फूट येते त्याला डोळा म्हणतात, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. सगळ्यांनी आपापलं उत्तर बदललं! अख्खा वर्ग एका सुरात "डोळा, डोळा" करायला लागला. आता यांना चूक कसं म्हणू? मी म्हटलं, "बाळांनो, पेपर काढणारा माणूस बागेत गेलेला नाही. त्याच्या मनातलं उत्तर ओळखायचं आपल्याला." रोशनी जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे माझं बरोबर आहे, पण त्याचं लिवायचं." निवासीची सगळी तयारी या एका वाक्यात आली, मी कितीही तास घेतले असते तरी एवढं नीट सांगता आलं नसतं.

त्या वर्षी मी मनाशी पक्कं केलं होतं, ही पोर लागलीच पाहिजे. तेलकट कागद तिनं इतके उलटेपालटे केले की तिच्या दप्तराला भज्यांचा वास यायचा.

परीक्षा शनिवारी होती. त्याआधीच्या सोमवारी रोशनी आली नाही. मंगळवारीही नाही. बागेत गेले तर तिचे वडील सोमा एकटेच. मेव्हण्याचं लग्न होतं, सगळे गावी गेले होते, आणि लग्न उरकून हा एकटाच परत आला होता. मान खाली घालून म्हणाला, "तिची आय नाय म्हणते बाई. पेपर झाल्यावरच येईन म्हणाली. मी काय बोलू?"

बाळासाहेब तिथंच उभे होते. भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. म्हणाले, "जाऊ द्या बाई. मणी फुगायचा तर विरळणी करावीच लागती. घडातले काही मणी काढावेच लागतात. सगळेच कुठं पुढं जाणार?" माझा असा संताप झाला! म्हटलं, "बाळासाहेब, काढलेला मणी रात्री आईच्या कुशीत शिरून रडत नाही. उद्या मला पेठच्या गाडीपर्यंत सोडा." आणि त्यांनी सोडलं, बिचाऱ्यांनी, एक अक्षर न बोलता.

पेठला एसटीतून उतरून पुढे जीप, जिपेतून उतरून चढण. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. रोशनी अंगणात बसून मामेबहिणींना गोल काळे करायला शिकवत होती, कोळशानं, जमिनीवर. मला बघून उठली आणि आईकडे बघून परत बसली.

तिची आई हिरा. तिनं मला पाणी दिलं, नाचणीची भाकरी आणि उडदाचं भुजिंग, म्हणजे त्यांच्याकडची घट्ट आमटी, वाढलं, आणि माझं जेवण होईपर्यंत भाकऱ्या थापत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही येशाल ते मला ठावं होतं. पण मी नाय धाडायची."

"का गं? मुलगी हुशार आहे, फुकट शिकेल..."

"मी बी हॉस्टेलला होते, लहानपणी. जेवाय मिळायचं, कोणी मारत नव्हतं. वाईट नव्हतं काय. सुट्टीला घरी आले त आय बोलली, 'भाकर आहा, खा.' मी हसले तिला. बाकीच्या पोरींसारखी हसले. आय गप राहिली." तिनं माझं ताट उचललं. "ती मेली बाई. पण ती गप राहिलेली मला अजून दिसते. माझी पोर मला हसंल, ते मला नाय सोसायचं."

मी तोंडपाटलीण म्हणून तालुक्यात प्रसिद्ध. केंद्रप्रमुखांनासुद्धा मी उत्तर देऊन गप्प केलंय. पण इथं ती उत्तरं कामाची नव्हती. "तुझी मुलगी तशी नाही" असं म्हणावं तर हिराही तशी नव्हतीच की. शेवटी खरं तेच बोलले. म्हटलं, "हसेल कदाचित, हिरा. लहान आहे. हसली तर मला सांग, मी तिचा कान पिळीन आणि तुझ्या आईची गोष्ट सांगीन. पण नुसत्या भीतीनं तिला मागे ठेवलीस, तर ती तुला कधी हसणार नाही आणि कधी विचारणारही नाही."

हिरानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग तिनं रोशनीला हाक मारली आणि त्यांच्या बोलीत विचारलं, तुला जायचं आहे का. रोशनी म्हणाली, "शाळेत जायचं ते नाय ठावं. पेपर द्यायचा आहा. मला आरशाची आकृती लय आवडते."

आई हसली. पहिल्यांदाच हसली त्या दिवशी. पण लगेच गंभीर झाली आणि मला म्हणाली, "आणि नाय लागली त? एवढं मनावर घेतलं तिनं. तिला कोण सांगंल?"

"मी सांगेन. घरी येऊन सांगेन. चारचौघांत नाही."

"बोला परत."

मी परत बोलले. मग ती उठली आणि पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागली.

शनिवारी दिंडोरीच्या केंद्राबाहेर जत्रा होती. आया मुलांना बदाम भरवत होत्या, बाप शेवटच्या मिनिटाला पाढे म्हणून घेत होते. हिरा भिंतीला टेकून उभी होती, आत कुठला वर्ग रोशनीचा असेल ते खिडक्यांवरून ओळखायचा प्रयत्न करत. पेपर सुटल्यावर रोशनी पळत आली आणि म्हणाली, "बाई, सगळे गोल झाले. एकपण कडेबाहेर गेला नाय." पेपर चांगलाच गेला होता, तिनं सगळे प्रश्न तोंडपाठ सांगितले. मी घरी येऊन यांना म्हटलं, "लिहून ठेवा, लागते ती." ते म्हणाले, "बरं." त्यांचं बरं म्हणजे काय ते मला लग्नापासून माहीत आहे, पण मी लक्ष दिलं नाही.

निकाल उन्हाळ्यात आला. मी नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. रोशनी नव्हती. आमच्या शाळेतलं कुणीच नव्हतं. कुणाचे किती गुण, कुठं चुकलं, हे कळायची सोय तेव्हा नव्हती. असेलही एखाद्या गोलाचा फरक. कुणाला जाब विचारणार? मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि खूप रडले, सरळ सांगते. यांनी चहा करून आणला.

वाडीवर जाताना गाडीत मी वाक्यं जुळवत होते. "प्रयत्न महत्त्वाचे" म्हणावं? तिला ते खोटं वाटलं असतं, मलाच वाटत होतं. "पुढच्या वर्षी" म्हणावं तर ही परीक्षा दुसऱ्यांदा देताच येत नाही. बागेत एप्रिलची छाटणी चालली होती. हिरा कात्रीनं काड्या कापत होती, रोशनी खालच्या काड्या गोळा करून बांधावर टाकत होती. मला अशी अवेळी आलेली बघून हिरानं कात्री थांबवली. तिला कळलं.

मी बांधावरच बसले, रोशनीला जवळ बसवलं. "रोशनी, नाव नाही लागलं गं आपलं."

ती रडली. हुंदके देऊन नाही, नुसतं पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. हिरा येऊन तिच्या पलीकडे बसली. तिघी तशाच बसलो. उन्हाचा चटका बसत होता, कुणी उठलं नाही.

मग रोशनीनं फ्रॉकनं तोंड पुसलं आणि विचारलं, "बाई, तिथं काय शिकवतात?"

"हेच गं. सहावीचं. गणित, विज्ञान, इंग्रजी."

"प्रयोग करतात?"

"करतात."

"ते सगळं तुम्हाला येतं?"

काय सांगू? गणित येत होतं. विज्ञान बेताचं. इंग्रजीचं म्हणाल तर माझ्यात आणि सहावीच्या पोरात फार अंतर नव्हतं. पण ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, "येतं. नसेल येत ते शिकून घेईन."

"मंग ते इथं शिकवा ना," ती म्हणाली. "आम्ही आहोतच की."

मी हिराकडे बघितलं. हिरा म्हणाली, "बोला बाई."

मी इतकी वर्षं पोरांना त्या शाळेच्या दारापर्यंत नेत होते. दार लागलं की नवी पाचवी घ्यायची, पुन्हा नवे गोल. आत जे शिकवतात ते बाहेरही शिकवता येतं, ही साधी गोष्ट मला त्या बांधावर त्या पोरीनं सांगितली. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगून कपाटाचं कुलूप तोडून घेतलं. सूक्ष्मदर्शकावरची धूळ पुसायलाच एक सकाळ गेली. पहिली कांद्याची साल रोशनीनं बघितली, मग सगळ्या वर्गानं, मग कामावरून येऊन हिरानं. इंग्रजी मी नाशिकला शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून शिकायला लागले. ती मला गृहपाठ द्यायची आणि नाही केला तर रागवायची. सहावी-सातवीचा सकाळचा तास तेव्हा सुरू झाला तो झालाच.

रोशनी आता दिंडोरीला बारावी सायन्सला आहे. पहिला नंबर वगैरे काही नाही, पुढे काय होईल ते मला माहीत नाही. त्या शाळेत गेली असती तर आणखी पुढे गेली असती का? गेली असती, माझ्या मते. ते मला अजून बोचतं आणि बोचत राहील. म्हणून मी निवासीची तयारी सोडलेली नाही. आठवड्यातून तीन दिवस अजूनही पहाटेच्या गाडीनं वाडीवर जाते, नव्या बाई घेतात त्या तासाला बसते. जी लागतात त्यांना हसत पाठवते, आईला हसायचं नाही अशी तंबी देऊन. पण निकालाच्या दिवशी पेढ्यांच्या घरी मी नंतर जाते. ज्यांचं नाव नसतं त्यांच्या घरी आधी जाते.

दारात पाऊल टाकलं की आई विचारते, "आता कसं हो बाई?"

मी चपला काढते, आत जाते आणि सांगते, "कसं म्हणजे? उद्या सकाळी पाठवा. सहावीचं पहिलं पान उघडायचंय."